जुना गेमिंग पीसी अपग्रेड करताना : आधी मोजमाप, मग हवा, मग वीज आणि त्यानंतर खरेदी

बारावीची परीक्षा संपते, उन्हाळ्याची सुटी लागते आणि घरोघरी जुन्या गेमिंग पीसीत नवे ग्राफिक्स कार्ड घालण्याचा विषय निघतो. कार्ड येते, बसते, पहिले दोन दिवस बरे जातात. मग दुपारी तीनच्या सुमारास गेम पुन्हा अडखळू लागतो, पंखे घोंगावू लागतात आणि कार्डच खराब निघाले असे समजून ते परत करण्याची धावपळ सुरू होते. गेली अनेक वर्षे ओळखीपाळखीतल्या मुलांचे पीसी जोडून आणि दुरुस्त करून देताना मला असे आढळले आहे की, बहुतेक वेळा कार्डात काहीच दोष नसतो. चुकलेला असतो तो कामाचा क्रम. आधी पार्ट विकत घेतला जातो, नंतर तो बसतो का हे पाहिले जाते, त्यानंतर वीज पुरते का याचा विचार होतो आणि हवा खेळते की नाही हे सर्वांत शेवटी, तेही पीसी आपोआप बंद पडू लागल्यावर, लक्षात येते. हा क्रम नेमका उलटा करायचा आहे.

पुढील टप्पे चार-पाच वर्षे जुन्या, घरी जोडलेल्या पीसीला समोर ठेवून लिहिले आहेत. नवा पीसी जोडणाऱ्यांना दुसऱ्या टप्प्यापासून ते लागू पडतील. हाताशी एक वही, खोलीचे तापमान दाखवणारा साधा थर्मामीटर, चांगल्या प्रतीचा चौफुलीच्या टोकाचा स्क्रू ड्रायव्हर, मऊ ब्रश, ब्लोअर, थर्मल पेस्टची एक नळी आणि ९९ टक्के शुद्धतेचे आयसोप्रोपिल अल्कोहोल असावे.

टप्पा १ : काहीही विकत घेण्याआधीचे मोजमाप

एचडब्ल्यूइन्फो हा मोफत प्रोग्राम उतरवून घ्या आणि तो फक्त सेन्सर दाखवण्याच्या पर्यायात सुरू करा. तुम्ही नेहमी खेळता तोच गेम, नेहमीच्या सेटिंगवर, दुपारी दोन ते चारच्या दरम्यान अर्धा तास खेळा. खेळताना खोलीची दारे-खिडक्या आणि पंखा रोजच्यासारखेच ठेवा. फ्रेमची मर्यादा आणि व्ही-सिंक (फ्रेम मॉनिटरच्या वेगाला बांधणारे सेटिंग) मात्र या चाचणीपुरते बंद करा. अर्ध्या तासानंतर वहीत पुढील आकडे उतरवा : खोलीचे तापमान, प्रोसेसरचे कमाल तापमान, ग्राफिक्स कार्डाचे तापमान आणि त्याचे हॉटस्पॉट तापमान (चिपच्या सर्वांत तापलेल्या जागेचे), कार्डाचा वापर किती टक्के आहे, आणि फ्रेमची (दर सेकंदाला पडद्यावर येणाऱ्या चित्रांची) सरासरी.

खोलीचे तापमान लिहिण्याचा आग्रह विनाकारण नाही. हवेने किंवा पाण्याने थंड होणारा कोणताही पार्ट खोलीपेक्षा थंड होऊ शकत नाही, आणि खोली जितके अंश तापते साधारण तितकेच अंश आतले पार्टही तापतात. पुण्यात जानेवारीच्या पहाटे पारा दहा-बाराच्या आसपास असतो, तर एप्रिलच्या अखेरीस दुपारी तो चाळिशीला टेकतो. त्यामुळे डिसेंबरात रात्री अकराला घेतलेल्या ‘माझे कार्ड ६५ अंशांवर चालते’ या आकड्याचा उन्हाळ्यात काही उपयोग नाही. खोली आणि पार्ट यांच्यातला फरक लिहून ठेवा. तो फरकच दोन वेगवेगळ्या दिवसांची खरी तुलना करू देतो.

आता अडथळा कोठे आहे ते ठरवायचे. ग्राफिक्स कार्डाचा वापर सतत ९५ टक्क्यांच्या वर असेल तर गेमची गती कार्डामुळे अडली आहे. तो ६० ते ८० टक्क्यांत रेंगाळत असेल, तर गेमचे रिझोल्यूशन १०८० वरून ७२० वर आणून पुन्हा पाहा : फ्रेम वाढल्या नाहीत, तर अडथळा प्रोसेसरचा किंवा रॅमचा आहे, आणि कितीही महागडे कार्ड आणले तरी गेम त्याच गतीने चालेल. येथे फार लोक फसतात, कारण टास्क मॅनेजर प्रोसेसरचा एकूण वापर ४० टक्केच दाखवत असतो. बारा थ्रेडच्या, म्हणजे एकाच वेळी बारा कामे चालवू शकणाऱ्या, प्रोसेसरमध्ये एक थ्रेड पूर्ण भरला तरी एकूण आकड्यात तो जेमतेम आठ टक्के दिसतो. गेमचा मुख्य थ्रेड तेवढ्या एका जागी अडलेला असतो आणि बाकीचे रिकामे बसलेले असतात.

याच टप्प्यात बिनपैशाच्या तीन दुरुस्त्या करून टाका.

पहिली, मॉनिटरची केबल. ती मदरबोर्डाच्या पोर्टमध्ये नव्हे, तर ग्राफिक्स कार्डाच्या पोर्टमध्येच असायला हवी. 

दुसरी, मॉनिटरचा रिफ्रेश रेट, म्हणजे पडद्यावरचे चित्र सेकंदाला किती वेळा बदलते तो आकडा. १४४ हर्ट्झचा मॉनिटर घेऊन दोन वर्षे तो ६० हर्ट्झवरच चालवणारी मंडळी मी पाहिली आहेत. विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन तो एकदा तपासा. 

तिसरी, रॅमचा वेग. पाकिटावर ३२०० लिहिलेली डीडीआर४ रॅम बायोसमध्ये (मदरबोर्डाच्या मूळ सेटिंगच्या प्रोग्राममध्ये) एक्सएमपी हे रॅमला छापील वेगाने चालवणारे सेटिंग सुरू केल्याशिवाय बहुधा २१३३, २४०० किंवा २६६६ वरच चालते. टास्क मॅनेजरच्या मेमरी पानावर हा आकडा दिसतो. रॅमची एकच पट्टी लावलेली असेल, तर तेवढ्याच क्षमतेची जुळणारी दुसरी पट्टी लावल्याने होणारा फायदा अनेकदा नव्या प्रोसेसरइतका जाणवतो. दोन पट्ट्या असतील तर चार स्लॉटच्या बोर्डावर त्या बहुधा प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये बसतात. बोर्डाच्या पुस्तिकेत हे चित्रासह दिलेले असते.

तपासणी : वर सांगितलेल्या तीन दुरुस्त्या करून चाचणी पुन्हा घेतली का? वहीत दोन्ही वेळचे आकडे आहेत का? नसतील, तर पुढच्या टप्प्यावर जाऊ नका.

टप्पा २ : हवा

माझ्या मते सर्वाधिक वेळ याच टप्प्याला द्यायला हवा, आणि नेमका हाच टप्पा लोक गाळतात.

सुरुवात कॅबिनेटच्या जागेपासून करा. आपल्याकडे सुताराकडून अभ्यासाचे टेबल करून घेताना, घरात ज्याला सरसकट ‘सीपीयू’ म्हणतात त्या कॅबिनेटसाठी खाली एक कप्पा करण्याची पद्धत आहे. सिंहगड रस्त्यावर राहणाऱ्या माझ्या भाच्याचा पीसी अशाच कप्प्यात होता. तिन्ही बाजूंनी प्लायवूड, पुढे सनमायका लावलेले दार, आणि मागे वायरीपुरते मनगट जाईल एवढे भोक. एप्रिलमध्ये खोलीत ३६ अंश असताना त्याचे कार्ड ८४ अंशांवर जाऊन स्वतःचा वेग कमी करत होते, आणि तो नवे कार्ड घेण्याच्या तयारीत होता. मी कप्प्यात हात घातला तर आतली हवा इस्त्रीजवळ हात नेल्यासारखी लागली; मागच्या पंख्याने बाहेर टाकलेली तीच गरम हवा कप्प्यात फिरून पुन्हा पुढच्या पंख्यातून आत जात होती. दार काढून टाकले, सुताराला बोलावून मागचे प्लायवूड कापून घेतले, एवढेच. त्याच आठवड्यात, खोली तितकीच तापलेली असताना, कार्ड ७३ अंशांवर स्थिरावले. नवा पार्ट एकही लागला नाही.

कॅबिनेटच्या मागे भिंतीपर्यंत किमान वीतभर जागा सोडा. एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा) कॅबिनेटच्या तळाशी असून त्याचा पंखा खालून हवा घेत असेल, तर कॅबिनेट सतरंजीवर किंवा गालिच्यावर ठेवू नका. खोली थंड करण्यासाठी पाण्याचा कूलर वापरत असाल तर त्याचा झोत पीसीवर येऊ देऊ नका. ती हवा थंड लागते खरी, पण तिच्यासोबत येणारा ओलावा आतल्या धुळीचा लगदा करतो, आणि तो लगदा हीटसिंकच्या (उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या ठोकळ्याच्या) पात्यांमधून ब्रशनेही निघत नाही.

जागा ठीक केल्यावर बाजूच्या झाकणाची चाचणी घ्या. पहिल्या टप्प्यातली चाचणी कॅबिनेटचे बाजूचे झाकण काढून पुन्हा करा. तापमान दोन-तीन अंशांनीच उतरले तर कॅबिनेटमधली हवा ठीक खेळते आहे. पाच अंशांपेक्षा जास्त उतरले तर कॅबिनेट गुदमरते आहे. पुढे सपाट काच असलेल्या कॅबिनेटमध्ये हे हमखास आढळते. अशा कॅबिनेटमध्ये जास्त पंखे लावून फारसा फरक पडत नाही, कारण हवा आत यायला वाटच नसते. पुढे जाळी असलेले कॅबिनेट घेणे हाच त्यावर खरा उपाय आहे, आणि ते पुढच्या दोन-तीन पीसींनाही पुरते. झाकण कायमचे काढून ठेवणे हा मात्र उपाय नव्हे : धूळ, लहान मुलांची बोटे आणि पाली या तिघांनाही त्याने वाट मोकळी होते.

पंख्यांची दिशा ठरवताना पुढून आणि खालून हवा आत, मागून आणि वरून बाहेर, एवढे सूत्र पुरेसे आहे. पंख्याच्या ज्या बाजूला मोटार धरून ठेवणाऱ्या प्लॅस्टिकच्या आडव्या पट्ट्या असतात, त्या बाजूने हवा बाहेर पडते. खात्री नसेल तर टिश्यू पेपरचा तुकडा जाळीजवळ धरा. आत ओढणाऱ्या पंख्याकडे तो चिकटेल, बाहेर टाकणाऱ्यापासून दूर उडेल. साध्या गेमिंग पीसीला पुढे दोन आणि मागे एक असे १२० मिलिमीटरचे तीन पंखे पुरतात. आत येणारी हवा बाहेर जाणाऱ्या हवेपेक्षा थोडी जास्त असावी, म्हणजे फटींमधून धूळ ओढली जात नाही आणि ती पुढच्या फिल्टरवरच अडकते. वाघोली, हिंजवडी, खराडी अशा भागांत, जेथे शेजारच्या प्लॉटवर बांधकाम चालू असते, तेथे डिसेंबर ते मे हा फिल्टर दर पंधरा दिवसांनी धुवावा लागतो. धुतलेला फिल्टर पूर्ण वाळल्याशिवाय परत लावू नका.

इशारा : ब्लोअरने साफसफाई करताना प्रत्येक पंखा बोटाने धरून ठेवा. हवेच्या जोराने पंखा भलत्या वेगाने फिरला तर त्याचे बेअरिंग खराब होते. घरातल्या व्हॅक्यूम क्लीनरचे तोंड बोर्डाला लावू नका. काम गॅलरीत करा, आणि पीसी बंद करून प्लग काढल्यानंतरच करा.

धूळ काढूनही प्रोसेसर तापत असेल तर प्रोसेसर आणि हीटसिंक यांच्यामधली थर्मल पेस्ट बदलायची. एएमडी कंपनीच्या एएम४ सॉकेटवर (मदरबोर्डावर प्रोसेसर बसण्याच्या जागेवर) एक मोठा धोका आहे. या प्रोसेसरच्या पिना त्याच्या स्वतःच्या तळाला असतात, आणि पेस्ट वाळलेली असेल तर हीटसिंक सरळ वर ओढल्यावर कुलूपबंद सॉकेटमधून प्रोसेसर हीटसिंकला चिकटूनच बाहेर येतो, मग पिना वाकतात. म्हणून आधी पीसी दहा मिनिटे एखाद्या जड कामाला लावून गरम करा, बंद करा, स्क्रू सोडवा, हीटसिंक डावी-उजवीकडे हळूहळू फिरवून सैल करा आणि मगच उचला. जुनी पेस्ट अल्कोहोलने पुसा, मधोमध वाटाण्याएवढा थेंब ठेवा, हीटसिंक बसवा आणि स्क्रू समोरासमोरच्या जोडीने, थोडे थोडे आळीपाळीने आवळा.

नव्या हीटसिंकच्या तळाला पारदर्शक प्लॅस्टिकचा कागद चिकटवलेला असतो. तो काढायचा राहून गेलेले किमान चार पीसी माझ्यासमोर आले आहेत. एकाच्या मालकाने त्या कागदावरच पेस्ट लावली होती आणि प्रोसेसर सुरू होताच नव्वदी गाठतो म्हणून एका दुकानात दोन हेलपाटे घातले होते; तेथे कोणीही हीटसिंक उघडून पाहिला नाही आणि त्याला नवा मदरबोर्ड सुचवण्यात आला. कागद सोलला आणि प्रश्न सुटला.

प्रोसेसरसाठी कूलर कोणता घ्यावा, याचे उत्तर बहुतेकांसाठी सोपे आहे. ६५ वॉट वर्गाच्या प्रोसेसरला एका १२० मिलिमीटर पंख्याचा उभा टॉवर कूलर पुण्याच्या उन्हाळ्यातही पुरतो. घेण्यापूर्वी त्याची उंची आणि कॅबिनेटमध्ये मावणारी कमाल उंची जुळवून पाहा. असे अनेक कूलर १५५ ते १६० मिलिमीटर उंच असतात आणि अरुंद कॅबिनेटचे झाकण त्यावर बसत नाही. लिक्विड कूलरची गरज जास्त वॉटच्या प्रोसेसरलाच असते. तो घेतलाच तर रेडिएटर (त्यातले पाणी थंड करणारी जाळी) शक्यतो वर लावा. पुढे लावणार असाल तर रेडिएटरचा वरचा भाग पंपापेक्षा उंच राहील असे पाहा, नाहीतर आतली हवा पंपात साठून तो कुरकुरू लागतो आणि लवकर बिघडतो.

तापमान किती चालेल, याबाबत एक गैरसमज आहे. एएमडीच्या रायझन ७००० मालिकेतले ७६००एक्स यांसारखे प्रोसेसर पूर्ण भाराखाली ९५ अंशांपर्यंत जातील अशाच पद्धतीने बनवलेले आहेत, तर ७८००एक्स३डीची मर्यादा ८९ अंश आहे. तेव्हा दुसऱ्याच्या प्रोसेसरचा आकडा पाहून घाबरण्यापेक्षा आपल्या प्रोसेसरची मर्यादा कंपनीच्या पानावर पाहा आणि गेम खेळताना तिच्यापासून दहा-पंधरा अंश खाली राहण्याचे ध्येय ठेवा. ग्राफिक्स कार्डाचे साधे तापमान आणि हॉटस्पॉट यांतला फरक पूर्वी बारा-पंधरा अंश होता आणि आता पंचवीसच्या पुढे गेला असेल, तर कार्डाची पेस्ट बदलण्याची वेळ आली आहे. वॉरंटी शिल्लक असलेले कार्ड मात्र स्वतः उघडू नका.

तपासणी : पहिल्या टप्प्याची चाचणी पुन्हा घ्या. अनेकांचा अपग्रेड येथेच, काहीशे रुपयांत, पूर्ण होतो.

टप्पा ३ : वीज

प्रथम अर्थिंग. पेठांमधल्या जुन्या वाड्यांत तीन पिनांचा सॉकेट असतो, पण तिसऱ्या पिनेमागे अनेकदा तार जोडलेली नसते. याची खूण म्हणजे चालू पीसीच्या कॅबिनेटच्या उघड्या लोखंडी भागावर बोटाची मागची बाजू हलकेच फिरवल्यावर जाणवणारी झिणझिणी. एसएमपीएसच्या आत विजेतला खरखराट गाळण्यासाठी छोटे कपॅसिटर कॅबिनेटला जोडलेले असतात. अर्थिंग असेल तर त्यांतून झिरपणारा नगण्य प्रवाह जमिनीत जातो, नसेल तर कॅबिनेटवर जवळपास निम्मा दाब साठून राहतो. हा प्रवाह अतिशय थोडा असला तरी यूएसबी पोर्ट, हेडफोनची जोडणी आणि मॉनिटरची केबल यांना तो बाधतो, आणि एसएमपीएसमध्ये बिघाड झाला तर माणसाच्या जिवाला धोका होतो. वायरमनला बोलावून मल्टिमीटरने मोजून घ्या : फेज आणि अर्थिंग यांत सुमारे २३० व्होल्ट, न्यूट्रल आणि अर्थिंग यांत दोन-तीन व्होल्टपेक्षा कमी. अर्थिंग नीट झाल्याशिवाय महागडे कार्ड त्या सॉकेटवर लावू नका.

मग एसएमपीएसचा हिशोब. रायझन ७ ५८००एक्स३डी हा प्रोसेसर मदरबोर्डावरच्या सॉकेटमधून जास्तीत जास्त १४२ वॉट ओढतो, आरटीएक्स ४०७० कार्डाची मर्यादा २०० वॉट आहे, आणि बोर्ड, रॅम, एसएसडी, पंखे यांना ६० वॉट धरले तर बेरीज सुमारे ४०० वॉट होते. कार्ड क्षणभर यापेक्षा बरेच जास्त ओढते, उन्हाळ्यात एसएमपीएसही तापतो आणि वर्षांनुवर्षे वापरल्यावर त्याची क्षमता घटते, म्हणून या बेरजेच्या दीडपट, म्हणजे साधारण ६०० वॉट, धरून ६५० वॉटचा, नावाजलेल्या कंपनीचा एसएमपीएस घ्यावा. कॅबिनेटसोबत फुकट मिळालेल्या एसएमपीएसवर छापलेला आकडा या हिशोबात धरू नका.

इशारा : मॉड्युलर (केबल सुट्या होणारा) एसएमपीएस बदलताना जुन्या केबल तशाच ठेवून फक्त डबा बदलू नका. कनेक्टर हुबेहूब बसतो, पण एसएमपीएसच्या बाजूच्या पिनांची मांडणी कंपनीगणिक, कधी कधी एकाच कंपनीच्या मॉडेलगणिकही वेगळी असते. पाच व्होल्टच्या जागी बारा व्होल्ट गेले की हार्ड डिस्क त्याच क्षणी जळते आणि तिच्यातले सगळे फोटो जातात. नव्या एसएमपीएससोबत आलेल्याच केबल वापरा.

यूपीएस घेताना व्हीएचा आकडा म्हणजे वॉट नव्हे, हे ध्यानात ठेवा; ६०० व्हीएचा सामान्य यूपीएस ३६० वॉटच्या आसपासच भार उचलतो, आणि गेम चालू असताना वीज गेली तर तोही पीसीसह बंद पडतो. चांगल्या एसएमपीएसमध्ये अ‍ॅक्टिव्ह पीएफसी (वीज सुरळीत ओढणारी यंत्रणा) असते आणि काही स्वस्त यूपीएसची चौकोनी लहर तिला मानवत नाही. शक्य असेल तर शुद्ध साइन वेव्हचा यूपीएस घ्या.

टप्पा ४ : पार्ट निवडणे

आता कुठे खरेदी. पहिल्या टप्प्यातल्या नोंदी समोर ठेवा आणि ज्या पार्टामुळे गेम अडला तोच बदला. एका वेळी एकच पार्ट बदला, म्हणजे कशाचा किती उपयोग झाला ते कळेल.

अडथळा प्रोसेसरचा असेल तर आधी आहे त्याच सॉकेटवर पुढचा प्रोसेसर मिळतो का ते पाहा. एएम४ बोर्डवाल्यांना येथे मोठा फायदा आहे : बी४५० सारख्या जुन्या बोर्डावरही, बायोस अद्ययावत केल्यावर, रायझन ५००० मालिका चालते, त्यामुळे बोर्ड आणि डीडीआर४ रॅम तशीच राहते. इंटेलच्या एलजीए१७०० सॉकेटवर बाराव्या, तेराव्या आणि चौदाव्या पिढीचे प्रोसेसर चालतात. त्यासाठी काही बोर्ड डीडीआर४चे आहेत, काही डीडीआर५चे, पण एकाच स्लॉटमध्ये दोन्ही आळीपाळीने चालत नाहीत, कारण दोन्ही पट्ट्यांच्या खाचा वेगळ्या जागी असतात. एएम५ सॉकेटवर फक्त डीडीआर५ चालते, म्हणजे तिकडे जायचे तर प्रोसेसर, बोर्ड आणि रॅम हे तिन्ही घ्यावे लागतात. २०२५च्या अखेरीस रॅमचे भाव चढल्यापासून हा फरक खिशाला आणखी जाणवतो. आहे त्या सॉकेटवर काम भागत असेल तर तेथेच थांबावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

ग्राफिक्स कार्ड घेताना चार मापे बघा. कार्डाची लांबी मिलिमीटरमध्ये आणि कॅबिनेटमध्ये मोकळी असलेली लांबी. पुढे रेडिएटर असेल तर त्याची आणि पंख्याची जाडी त्यातून वजा करा. कार्ड किती स्लॉट जाड आहे. एसएमपीएसवर त्याला लागणारे कनेक्टर आहेत का : आठ पिनांचा एक पीसीआयई कनेक्टर १५० वॉटसाठी असतो आणि स्लॉटमधून ७५ वॉट मिळतात. आणि बोर्डाची पीसीआयई पिढी, म्हणजे कार्डाच्या स्लॉटचा वेग ठरवणारी आवृत्ती. हे चौथे माप फार जण विसरतात. आरटीएक्स ४०६० आणि आरएक्स ६६०० ही कार्डे स्लॉट पूर्ण भरत असली तरी आठच लेन (माहिती वाहून नेणाऱ्या वाटा) वापरतात; बी४५० बोर्डावर पीसीआयई ३.० असल्यामुळे त्यांना मिळणारी वाट निम्मी होते, आणि कार्डाची मेमरी भरली की गेमला बसणारे हिसके तेथे जास्त तीव्र असतात. १०८०च्या वर खेळायचे असेल आणि कार्ड तीन-चार वर्षे वापरायचे असेल, तर आठ जीबीपेक्षा जास्त मेमरीचे कार्ड घ्यावे.

पंखे, केबल, मल्टिमीटर, ब्लोअर अशा किरकोळ वस्तूंसाठी बुधवार पेठेतली तपकीर गल्ली सोयीची आहे. सकाळी दुकाने उघडताना गेलात तर दुकानदार नीट वेळ देतात. मोठ्या पार्टाचे मात्र जीएसटीचे बिल घ्याच आणि त्यावर सीरियल नंबर छापलेला आहे ना, तो खोक्यावरच्या आणि पार्टावरच्या नंबराशी जुळतो ना, हे काउंटरवरच पाहा. ऑनलाइन मागवलेल्या पार्टाचे सील फोडतानाचा सलग व्हिडिओ काढा. जुने कार्ड घेणार असाल तर विकणाऱ्याच्या घरी ते वीस मिनिटे जड गेमवर चालवून पाहा. पंखे घरघरतात का, पडद्यावर ठिपके किंवा रेघा येतात का, हॉटस्पॉट कितीवर जातो आणि स्क्रूंवरचे कागदी सील शाबूत आहे का, हे तपासल्याशिवाय पैसे देऊ नका.

टप्पा ५ : बसवण्याचा दिवस

हा क्रम मोडू नका.

१. महत्त्वाच्या फाइली बाहेरच्या डिस्कवर घ्या. विंडोजमध्ये डिस्क कुलूपबंद करणारे बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन सुरू असेल, तर त्याची ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर लिहून घ्या. प्रोसेसर बदलल्यावर किंवा बायोस अद्ययावत केल्यावर विंडोज ती मागू शकते, आणि ती नसेल तर डिस्कवरची एकही फाइल उघडत नाही.

२. नवा प्रोसेसर घालायचा असेल तर जुना प्रोसेसर काढण्याआधीच बायोस अद्ययावत करा. बोर्डावर छापलेले नेमके मॉडेल आणि रिव्हिजन पाहूनच फाइल उतरवा; पेन ड्राइव्ह एफएटी३२ पद्धतीने फॉरमॅट करा. अद्ययावत होत असताना वीज गेली तर बोर्ड निकामी होऊ शकतो, म्हणून हे काम यूपीएसवर करा आणि गुरुवारी करू नका; देखभालीसाठी गुरुवारी वीजपुरवठा बंद ठेवण्याची पद्धत पुण्यात जुनी आहे.

३. ग्राफिक्स कार्डाची कंपनी बदलत असेल तर डीडीयू हा प्रोग्राम सेफ मोडमध्ये चालवून जुने ड्रायव्हर काढा. त्यापूर्वी इंटरनेट बंद करा, म्हणजे विंडोज मध्येच स्वतःचा ड्रायव्हर घालणार नाही.

४. पीसी बंद करा, मागचे बटण बंद करा, प्लग काढा आणि पुढचे पॉवर बटण पाच-सहा सेकंद दाबून धरा. आतील पार्टला हात लावण्यापूर्वी कॅबिनेटच्या लोखंडी भागाला स्पर्श करत राहा. हिवाळ्याच्या कोरड्या हवेत लोकरी कपडे घालून हे काम करू नका.

५. कार्ड स्लॉटमध्ये ‘टक्’ असा आवाज येईपर्यंत दाबा आणि स्क्रू लावा. कार्डाला आठ पिनांचे दोन कनेक्टर लागत असतील, तर एसएमपीएसपासून दोन वेगळ्या केबल आणा. सोळा पिनांचा नवा कनेक्टर असेल तर तो पूर्ण आत गेला आहे, फट दिसत नाही, याची टॉर्च लावून खात्री करा, आणि कनेक्टरपासून पहिले ३५ मिलिमीटर केबल वाकवू नका. अर्धवट बसलेला हा कनेक्टर वितळतो.

६. पहिल्यांदा सुरू करताना घाई नको. डीडीआर५ रॅमचा नवा पीसी पहिल्या वेळी काही मिनिटे काळ्या पडद्यावर थांबतो, कारण बोर्ड रॅमशी वेग जुळवून घेत असतो. या वेळात बटण दाबून तो बंद करणे ही फार जणांची चूक आहे. रायझन प्रोसेसर बदलल्यावर एफटीपीएम (प्रोसेसरमधली, कुलपांच्या किल्ल्या जपणारी तिजोरी) रीसेट करायचे का, असा प्रश्न पडद्यावर येऊ शकतो. रिकव्हरी की हाताशी असेल तरच होकार द्या.

टप्पा ६ : बसवल्यानंतर

पहिल्या टप्प्याची चाचणी त्याच गेमवर, त्याच सेटिंगवर, त्याच वेळी पुन्हा घ्या आणि आकडे वहीत शेजारी लिहा. रॅम नवी असेल तर एक्सएमपी किंवा एक्सपो (त्याचेच एएमडीचे रूप) सुरू करून मेमटेस्ट८६ या रॅम तपासणाऱ्या प्रोग्रामचे पूर्ण चक्र रात्रभर चालवा. त्यात एकही चूक दिसली तर रॅमचा वेग एक पायरी खाली आणा. ‘गेम तर चालतो आहे’ म्हणून सोडून दिल्यास विंडोजच्या फाइली हळूहळू खराब होत जातात.

उन्हाळ्यात कार्ड फार तापत असेल तर एमएसआय आफ्टरबर्नरमध्ये पॉवर लिमिट ८० ते ८५ टक्क्यांवर आणून पाहा. बहुतेक कार्डांत फ्रेम थोड्याच कमी होतात आणि तापमान, आवाज, वीज या तिन्हींत स्पष्ट फरक पडतो. एएम५ प्रोसेसरला बायोसमधला इको मोड हेच काम करतो. पंख्यांचा वेग खोलीच्या तापमानानुसार दोन वेगळ्या प्रोफाइलमध्ये जतन करा : एक मार्च ते जूनसाठी, दुसरे उरलेल्या वर्षासाठी.

पावसाळा लागण्याआधी कॅबिनेटच्या मागे रिकाम्या राहिलेल्या स्लॉटच्या पट्ट्या जागेवर आहेत का ते पाहा. उबेला आलेली पाल त्या फटीतूनच आत शिरते आणि एसएमपीएसच्या आत शॉर्ट होऊन स्वतः मरते, पीसीही बंद पाडते. पट्टी हरवली असेल तर बारीक जाळी कापून लावा. कॅबिनेट फरशीवरून चार-सहा इंच उंच उचलून ठेवा आणि ओल धरणाऱ्या भिंतीपासून दूर सरकवा. गावाला जाऊन आठ-पंधरा दिवस घर बंद राहणार असेल तर प्लग काढून ठेवा, आणि परतल्यावर पीसी सुरू करून लगेच गेम लावण्याऐवजी अर्धा तास तसाच चालू ठेवा, म्हणजे आत साठलेली दमट हवा बाहेर जाईल.